नवें राज्य आणि जुने कारकून

कोणतीही संस्था जुनी झाली म्हणजे तिच्यांत दोन प्रकारचे संग्रह सांठत जातात. एक कागदांचा आणि दुसरा माणसांचा. कागद कपाटांत असतात व त्यांवर क्रमांक घालतां येतात, म्हणून नव्या व्यवस्थापकाची दृष्टि प्रथम त्यांकडे वळते. माणसाच्या डोक्यांतील संग्रहावर क्रमांक नसतो. शिवाय वय झालेला मनुष्य हळू चालतो, नव्या यंत्रापुढें गोंधळतो, आणि 'पूर्वीं असें नव्हतें' हें वाक्य दिवसांतून चार वेळां उच्चारतो. त्यामुळें तो अडगळ आहे असा समज होण्यास वेळ लागत नाहीं. हा समज कितपत खरा, याचा निर्णय केवळ भूतदयेच्या दृष्टीनें करूं नये असें मला वाटतें. आपल्या इतिहासांत या प्रश्नाची परीक्षा एकदां फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. तिची हकीकत वाचकांपुढें मांडावी, हा या लेखाचा हेतु होय.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्यास एक घरगुती कारण घडलें, तें प्रथम सांगून टाकतों. ज्या शिक्षणसंस्थेशीं माझा संबंध आहे तिच्या कचेरींत कांहीं वर्षांपूर्वीं सर्व नोंदी संगणकावर घेण्याचें काम झालें. तीस वर्षांहून अधिक काळ दफ्तर सांभाळणारे एक वृद्ध लेखनिक तेव्हां कचेरींत होते. नवी पद्धति त्यांस लवकर साधेना. त्यांच्या निवृत्तीस दीड वर्ष उरलें असतां त्यांस दफ्तरावरून काढून आवक-जावकीच्या टेबलाशीं बसवावें, अशी शिफारस ज्या समितीनें केली तिच्यांत मीही होतों. त्यांनीं तक्रार केली नाहीं. पुढें ते निवृत्त झाले, आणि वर्षभरांतच संस्थेच्या एका जमिनीच्या हद्दीचा वाद उपस्थित झाला. दानपत्र सांपडेना. संगणकांत शोधावें तर नव्या सिटी सर्व्हेच्या क्रमांकाखालीं कांहींच निघेना. शेवटीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. दानपत्रावर जुना सर्व्हे नंबर आहे, आणि दात्याचें नांव दत्तक जाण्यापूर्वींचें आहे, एवढेंच त्यांनीं सांगितलें. कागद त्याच सायंकाळीं निघाला. कागद आमच्याजवळच होता. दोन्ही क्रमांक एकाच जमिनीचे आहेत हें ज्ञान मात्र आम्हीं आवक-जावकीच्या टेबलाशीं नेऊन बसविलें होतें.

आतां इतिहासाकडे वळूं. पुण्यांतील पेशव्यांचें हुजूर दफ्तर म्हणजे मराठी राज्याच्या कारभाराची स्मृतिच होय. इ. स. १७२९ पासून १८१७ पर्यंतच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांचे हिशेब त्यांत राहिलेले होते, आणि भरभराटीच्या काळीं तेथें दोनशेंहून अधिक कारकून काम करीत असत. दफ्तराचे मुख्य भाग दोन. एक चालतें दफ्तर आणि दुसरें एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरांत फड, बेहडा, सरंजाम अशीं खातीं असत. फडांतून सनदा व हुकूम निघत. महालांकडून आलेल्या हिशेबांवरून जमाखर्चाचा अंदाज बांधण्याचें काम बेहड्याकडे असे. एकबेरीज दफ्तर पुण्यासच राही. सर्व खात्यांचे हिशेब एकत्र करून त्यांची वर्गवारी करावयाची आणि सालोसाल त्यांचा 'तर्जुमा', म्हणजे गोषवारा, तयार ठेवावयाचा हें त्याचें काम. या सर्वांवर देखरेख फडणिसांची. फडणिशी भानु घराण्यांत पिढ्यानुपिढ्या चाललेली होती, आणि त्या घराण्यांतील नाना फडणीस लहान वयांतच या कामास लागून अखेर राज्याचे मुख्य कारभारी झाले. नानांच्या देखरेखीखालीं दफ्तराची शिस्त पूर्णत्वास पोंचली.

अशा दफ्तरांतील कारकुनाची विद्या पुस्तकांतून मिळणारी नव्हती. लिपि मोडी, तींत शब्द एकमेकांस जोडून लिहिलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नाहीं, आणि नेहमींचे शब्द एखाददुसऱ्या अक्षरावर उरकलेले. कालगणना सुहूर सनाची, व तीही बहुधा अरबी शब्दांनीं मांडलेली. 'इसन्ने सबैन मया व अलफ' असें वाचतांच हा सन ११७२, आणि सनाचा आरंभ मृग नक्षत्रास होत असल्यामुळें तो इ. स. १७७१ च्या जूनपासून १७७२ च्या जूनपर्यंत चालणार, हें कारकुनाच्या जिभेवर असलें पाहिजे. महिने मुसलमानी चांद्र. रुपयेही एका प्रकारचे नव्हेत. चांदवडी, मलकापुरी, अंकुशी अशीं निरनिराळीं नाणीं चालत, आणि एकाचें मोल दुसऱ्यांत करतांना बट्टा बसे. जमिनीचें माप बिघ्यांत व चाहुरांत. पण एका गांवचा बिघा दुसऱ्या गांवच्या बिघ्याएवढा असेलच अशी खात्री नाहीं. इतकें सर्व कळलें म्हणजे कागदावरचीं अक्षरें तेवढीं कळलीं असें समजावें. अमुक गांवची जमा अमुक सालीं निम्मी कां झाली, पुढें ती कां वाढली नाहीं, एकाच नांवाच्या दोन गांवांपैकीं हें कोणतें, या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां कागदावर नसत. तीं शेजारीं बसलेल्या वृद्ध कारकुनाजवळ असत. म्हणून तरुण मुलगा बापाच्या किंवा नातलगाच्या ओळखीनें उमेदवार होऊन दफ्तरांत शिरे, वर्षानुवर्षें नकला करी, आणि नकला करतां करतां त्या नकलांमागची हकीकत ऐकत असे. ही उमेदवारी म्हणजेच त्या काळची या विद्येची शाळा होती.

जुन्या नोकरांचें महत्त्व केवळ माहितीपुरतें नव्हतें. मोठ्या प्रांताच्या मामलेदाराजवळ दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, चिटणीस, पोतनीस इत्यादि दरकदार असत. त्यांची नेमणूक हुजुरांतून होई, व दरक बहुधा वंशपरंपरेनें चाले. मामलेदारास त्यांना काढून टाकण्याचा अधिकार नसे. उलट मामलेदाराच्या हिशेबावर त्यांची नजर असे. मामलेदार बदलत, दरकदार राहत. नव्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर ज्याची भाकरी अवलंबून नाहीं असा जाणता मनुष्य कचेरींत असणें, हा रयतेच्या व सरकारच्या दोघांच्याही हिताचा बंदोबस्त होता. अर्थात् या व्यवस्थेंत दोषही होते. वंशपरंपरेनें बुद्धि येतेच असें नाहीं, आणि शहाण्या बापाचा दरक मंद मुलाकडे गेल्याचीं उदाहरणें थोडीं नसणार. तरीही हा बंदोबस्त मोडल्यावर काय झालें तें पाहिलें म्हणजे त्याची किंमत कळते.

तो मोडला इंग्रजांनीं नव्हे, हें येथें लक्षांत ठेवलें पाहिजे. इ. स. १८०० सालीं नाना वारले. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावानें महाल मक्त्यानें देण्याची पद्धत वाढविली. एल्फिन्स्टन यानें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत या स्थित्यंतराचें वर्णन केलेलें आहे. पूर्वीं मामलत अनुभवी व सचोटीच्या माणसास मिळे आणि काम न आवडल्यास त्यास दूर करतां येई. आतां ती पेशव्याच्या भोंवतालच्या मंडळींत लिलावानें जाऊं लागली, आणि जो अधिक बोली करील त्याच्या पदरांत पडूं लागली. बोली करणारा ती पुन्हां पोटमक्त्यानें देई. वर्षा-दोन वर्षांत आपला मक्ता दुसऱ्याकडे जाणार हें ठाऊक असलेल्या माणसास गांवाच्या पूर्वेतिहासाशीं काय कर्तव्य? त्यास पाहिजे होता रोकड वसूल. जुन्या दरकदाराची हरकत ही त्याच्या दृष्टीनें केवळ अडचण होती, व ती हळूहळू निकामी झाली. हुजूर दफ्तराकडेही याच काळांत दुर्लक्ष झालें. लोक कागद घरीं घेऊन जात आणि त्यांस विचारणारें कोणी उरलें नाहीं. जो राजा वसुलाचा आंकडा लिलावांत ऐकतो त्यास गतवर्षींच्या तर्जुम्याची गरज वाटत नाहीं. परचक्र येण्यापूर्वींच राज्याची स्मृति अशी पोखरली गेलेली होती.

१८१७ च्या नोव्हेंबरांत पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें, आणि १८१८ च्या जून महिन्यांत बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. नव्या मुलुखाचा कारभार कमिशनर या नात्यानें एल्फिन्स्टनकडे आला. त्याच्यापुढें दोन मार्ग होते. बंगालमध्यें तयार झालेले कायदे व कचेऱ्या जशाच्या तशा येथें आणून बसवावयाच्या, हा एक. आणि असलेली पद्धति शक्य तों कायम ठेवून तिच्यांतील अनाचार तेवढा काढावयाचा, हा दुसरा. त्यानें दुसरा मार्ग पत्करला. मक्ते बंद करून मामलेदारांस पगारी केलें. पंचायती चालूं ठेवल्या. गांवचे पाटील-कुलकर्णी जागच्या जागीं राहूं दिले. हुजूर दफ्तर तपासण्याचें काम त्याचा साहाय्यक कॅप्टन मॅक्लिऑड याजकडे दिलें. मोडी अक्षर न जाणणाऱ्या सरकारास या कामीं जुन्या कारकुनांवांचून गत्यंतर नव्हतें हें उघडच आहे. एल्फिन्स्टनच्या या धोरणांत परोपकाराचा भाग किती होता याची चर्चा निष्फळ आहे. त्यास राज्य चालवावयाचें होतें, आणि तें काल ज्यांनीं चालविलें त्यांस विचारल्याखेरीज आज चालणार नाहीं एवढें तो ओळखून होता. विजयी मनुष्यास हें ओळखतां येणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु इतिहासाशीं प्रामाणिक राहावयाचें तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या नोकरांस आपल्या ज्ञानाची किंमत ठाऊक असते, आणि कित्येक जण ती वसूल करतात. गांवचे खरे हिशेब दडवून ठेवणारा कुलकर्णी, जुन्या तारखेची सनद नव्यानें तयार करून देणारा लेखक, हे त्या काळच्या सरकारचे नुसते बुद्धिभ्रम नव्हते. इ. स. १८३० च्या सुमारास अमलांत आलेली प्रिंगल याची जमीनपाहणी या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. प्रिंगल हा हेलीबरीच्या विद्यालयांत शिकलेला, अर्थशास्त्राच्या नव्या सिद्धांतांनीं भारलेला मनुष्य. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून त्यावर सारा बसवावा, ही त्याची योजना कागदावर निर्दोष होती. पण पिकाचे व खर्चाचे आंकडे गोळा करण्याचें काम हाताखालच्या कारकुनांवर पडलें, त्यांत लबाड्या झाल्या, सारा जड बसला, आणि शेतकरी जमिनी टाकून जाऊं लागले. अखेर १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यापासून सोप्या पद्धतीनें नवी पाहणी सुरू केली. नुसती पुस्तकी विद्या कशी फसते तें येथें दिसतें. पण देखरेखीवांचून सोंपविलेलें जुनें ज्ञानही किती धोक्याचें असतें, हेंही येथेंच दिसतें. वृद्ध नोकराचा मान राखावयाचा म्हणजे त्याच्या शब्दापुढें डोळे मिटावयाचे, असा अर्थ कोणी करूं नये.

याहून कठोर प्रसंग पुढें आला तो इनाम कमिशनच्या रूपानें. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये मुंबई इलाख्यांतील इनामांची चौकशी सुरू झाली. इनामदारानें आपला हक्क सिद्ध करावयाचा, आणि त्याची पडताळणी दफ्तरांतील नोंदींवरून व्हावयाची. तत्त्व म्हणून यांत वावगें कांहीं नाहीं. पण ज्या दफ्तरांतून बाजीरावाच्या अमदानींत कागद वाटेल तसे बाहेर गेलेले, त्यांत एखादी नोंद नसणें याचा अर्थ ती मुळांतच नव्हती असा होतो काय? हें सांगण्यास त्या काळीं दफ्तरांत बसलेला मनुष्य पाहिजे. परंतु १८१८ सालीं जो तीस वर्षांचा होता तो आतां चौसष्ट वर्षांचा झालेला. आणि त्या वेळचे अनुभवी पन्नाशीचे कारकून बहुतेक कालवश झालेले. चौतीस वर्षांच्या अवधींत त्यांच्या तोंडून जें लिहून घेतां आलें असतें तें लिहून घेतलेलें नव्हतें. साक्षीदार गेले आणि पुरावा मुका झाला. खरीं इनामें कांहीं बुडालीं, खोटीं कांहीं तरलीं, आणि या चौकशीनें देशभर जो असंतोष माजविला तो १८५७ च्या क्षोभाच्या कारणांत इतिहासकार गणतात.

पुढें तें दफ्तर पुण्यासच बंदोबस्तानें ठेवलें गेलें. हजारों रुमाल कपड्यांत बांधलेले, पण वाचणारे वर्षावर्षास कमी होणारे. संशोधकांस तेथें फार काळ मुक्तद्वार नव्हतें. सरकारी नोकरींत असतां रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनीं सातारकर महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशींतून उतारे काढले. न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं त्यांवर प्रस्तावनारूप निबंध वाचला, आणि नंतरच्या वर्षांत ते उतारे छापून प्रसिद्ध झाले. पण दफ्तराचें पोट त्यानें उघडलें असें म्हणतां येत नाहीं. तें उघडण्याचा योग आला १९३० सालीं, आणि तोही ज्याच्या हातून आला त्याचें वय पाहिलें म्हणजे या लेखाचा विषय आपोआप डोळ्यांपुढें उभा राहतो.

गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ चा. १८८९ पासून १९२५ पर्यंत छत्तीस वर्षें त्यांनीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं नोकरी केली. साठाव्या वर्षीं ते नोकरींतून बाहेर पडले. लौकिक दृष्टीनें त्यांचें आयुष्याचें काम संपलें होतें. त्यानंतर पेशवे दफ्तरांतून निवडक कागद काढून प्रसिद्ध करण्याचें काम मुंबई सरकारनें त्यांजकडे सोंपविलें, आणि १९३० पासून १९३४ पर्यंत त्या निवडीचे पंचेचाळीस खंड बाहेर पडले. पांसष्टाव्या ते एकुणसत्तराव्या वर्षांत झालेलें हें काम आहे. एवढेंच नव्हे, तर मराठ्यांचा जो तीन खंडांचा इतिहास त्यांनीं इंग्रजींत लिहिला तो १९४६ ते १९४८ या वर्षांत, म्हणजे ऐंशी उलटल्यावर, प्रसिद्ध झाला. दफ्तराच्या कामांत त्यांच्या हाताखालीं तरुण साहाय्यक होते. त्यांचे पाय, डोळे व उत्साह, आणि सरदेसायांची चाळीस वर्षांची ओळख, असा तो संयोग होता. हजारों रुमालांतून कोणता कागद महत्त्वाचा हें तरुणांस एकट्यानें कळलें नसतें. आणि तेवढे रुमाल सोडणें वृद्धास एकट्यानें झेपलें नसतें.

या हकीकतींतून मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. दीर्घकाळ काम केलेल्या माणसाची योग्यता त्याच्या वेगांत शोधूं नये. वेगांत तरुण त्याच्या पुढेंच असणार, आणि यंत्र तरुणाच्याही पुढें. त्याची योग्यता नोंद आणि वस्तुस्थिति यांमधला सांधा त्यास ठाऊक असतो यांत आहे. पद्धति बदलते तेव्हां कागद नव्या पद्धतींत उतरवून घेतां येतात, पण सांधे आपोआप उतरत नाहींत. म्हणून नेमक्या बदलाच्या वेळींच जुना मनुष्य सर्वांत अधिक उपयोगाचा असतो, आणि दुर्दैवानें त्याच वेळीं तो सर्वांत निरुपयोगी दिसतो. बाजीरावानें त्यास लिलावांत हरविलें. एल्फिन्स्टननें त्यास विचारलें, पण त्याच्या मागून आलेल्यांनीं त्याच्याजवळचें लिहून घेतलें नाहीं. तरुणांस शेजारीं बसवून तें ज्ञान कामास लावण्याची युक्ति शंभर वर्षांनंतर पेशवे दफ्तरांत सांपडली, तीही केवळ चार-पांच वर्षांपुरती.

यांत वृद्धांचेंही एक कर्तव्य आहे. आपल्यावांचून अडावें म्हणून ज्ञान मुठींत धरणारा मनुष्य स्वतःस कांहीं काळ आवश्यक करून घेतो, परंतु ज्या संस्थेचें मीठ खाल्लें तिला तो मागें दरिद्री करून जातो. उमेदवारास नकला करतां करतां हकीकत सांगणारा जुना कारकून याहून पुष्कळ थोर होता. आज मोडी वाचणारे मोजकेच राहिले आहेत, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारांत न वाचलेले रुमाल अजून आहेत. मोडीचे वर्ग चालतात, तरुण मुलें-मुली लिपि शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण लिपि शिकणें म्हणजे निम्मेंच शिकणें, हें त्यांस आरंभींच कोणी तरी सांगितलें पाहिजे.

आमच्या वृद्ध लेखनिकांची गोष्ट अपुरी ठेवणें बरें नव्हे. जमिनीचा वाद मिटल्यावर, आठवड्यांतून दोन दिवस कचेरींत येऊन दोन नव्या लेखनिकांजवळ बसावें, अशी विनंती संस्थेनें त्यांस केली, आणि तीही मानधन ठरवून. ते आले. कपाटांतील एकेक पुडकें सोडून ते सांगत जात आणि मुलें लिहून घेत. जुने क्रमांक, बदललेलीं नांवें, तोंडीं झालेले करार, असल्या दोनशेंच्या वर नोंदी झाल्या. पुढें त्यांची दृष्टि अधू झाली व काम थांबलें. अजून दोन कपाटें शिल्लक आहेत. त्यांस टेबलावर बसविण्याच्या ठरावाखालीं माझी सही होती हें त्यांस ठाऊक होतें, कारण तो ठराव त्यांनींच दफ्तरीं लावला होता. त्यांनीं तें कधीं बोलून दाखविलें नाहीं. उरलेल्या दोन कपाटांतील पुडकीं त्यांच्या घरीं नेऊन मुलांनीं वाचून दाखवावीं आणि त्यांनीं सांगावें, अशी व्यवस्था येत्या सुटींत करण्याचें ठरलें आहे. ती पुढें ढकलली जाऊं नये, एवढी काळजी आतां मला घ्यावयाची आहे.